गोड्या पाण्याचा माठ

उंद्री, ता. चिखली
दि. १८ मे २०२५

ती. पंजाबभाऊस,

कोकिळाचा नमस्कार. पुष्पावहिनीला नमस्कार, शिवमला आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. माझी तब्येत बरी आहे. ऊन मरणाचं आहे, पण आमच्या विहिरीचं पाणी अजून टिकून आहे. तुझी मयुरी सुट्टीला आली तेव्हापासून घर भरल्यासारखं वाटतं. सकाळी माझ्याआधी उठून अंगण झाडते, दुपारी कॉलेजची पुस्तकं घेऊन बसते. आत्याच्या हातची मेथीची भाजी तिला आवडते म्हणून रोज करते आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की तू "बरं बरं, पाहू" म्हणून ठेवून देतोस, आणि परवापासून तर उचलतच नाहीस. शिवाय फोनवर मला रडू येतं. रडणाऱ्या बाईचं कोणी ऐकून घेत नाही, नुसती समजूत काढतात. कागदावर मी रडत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच आणि मग वहिनीच्या हातात दे. तिला वाचता येतं.

तुझा निरोप मिळाला. पंचवीस तारखेला मयुरीला पाहायला पाहुणे येणार आहेत, तिला लगेच पाठवून दे, असा. त्याचं उत्तर देते, पण आधी माझ्या पोटात जे साठलं आहे ते ओकून टाकू दे.

अक्षयतृतीयेला तू आईच्या नावानं घागर भरलीस. मयुरीनं सगळं सांगितलं. नवी घागर आणली, तिला सूत गुंडाळलं, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळीचं ताट वाढलं. छान केलंस. आणि घागरीत पाणी कोणतं भरलंस? जारचं. गोडं. मयुरीनंच तो जार उचलून घागर भरली, आणि भरून झाल्यावर तहान लागली म्हणून मागच्या दारी जाऊन रांजणातलं हापशीचं खारं पाणी प्यायली. हे तिनं मला सहज सांगितलं, भाऊ, जेवता जेवता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा घास मात्र हातातच राहिला.

आईला तिच्या घरात गोडं पाणी मिळालं ते मेल्यावर.

आठवतं तुला आपलं घर? आठवेलच, तू त्यातच राहतोस. पुढच्या खोलीत देवाजवळ गोड्या पाण्याचा माठ, मागच्या दारी खाऱ्याचा रांजण. बाबा बैलगाडीत ड्रम टाकून सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीवरून पाणी आणायचे. त्यांचे कष्ट मी नाकारत नाही. पूर्णेकाठच्या त्या पट्ट्यात जमिनीतून येतं ते पाणी खारंच, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण ते ड्रम घरात आले की कोणाच्या ओठाला लागायचे? बाबांच्या, तुझ्या, आल्यागेल्याच्या. डाळ शिजत नाही म्हणून डाळीला. देवाला. मी एकदा शाळेतून आले आणि गोड्या माठात पेला बुडवला, तर आईनं माझ्या हातावर चापट मारली. "ते माणसायचं पानी हाय. तू इकडचं घे." तिनं स्वतः जन्मभर इकडचंच घेतलं. कोणी कायदा केला नव्हता. कोणी कोणाला मनाई केली, असंही नाही. बायका मागच्या दारी काम करायच्या आणि रांजण मागच्या दारी होता, इतकी साधी गोष्ट. आता ड्रम गेले, जार आले. नळ आला, पण त्याला पाणी कधी येतं कधी नाही. शिवमची बाटली फ्रिजमध्ये असते. मयुरीची नसते.

त्या माठातलं पाणी मी पहिल्यांदा कधी प्यायले, माहीत आहे? लग्नानंतर. पहिल्या सणाला माहेरी आले, तर आईनं मला तांब्याभर गोडं पाणी आणून दिलं. हे सोबत होते, मला वाटलं त्यांच्यासाठीच आहे. आई म्हणाली, "पे न बाई. आता तू पाहुनी हाय." मी परक्या घरची झाले तेव्हा आपल्या घरचं चांगलं पाणी माझ्या वाट्याला आलं. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं. आज आठवलं की अंगाची आग होते.

आता छकुलीचं.

माझ्या पाठची माझी बहीण. माझ्यासारखंच नाक, माझ्यासारखेच कुरळे केस, लोक आम्हाला जुळ्या म्हणायचे. मला इकडे घाटावर दिलं, जिथे विहिरीचं पाणी शेंगदाण्यासारखं गोड लागतं. तिला आपल्या गावाजवळच दिलं, "जवळ राहील" म्हणून. तेच पाणी, तोच मागच्या दारचा रांजण, तेच उन्हात कपाशी निंदणं. आईचा जसा सुजला होता तसा तिचा चेहरा सुजत गेला. अकोल्याला डायलिसिसला नेताना ती मला म्हणाली होती, "ताई, मले एकदा तुह्या इहिरीचं पानी पाज." तेव्हा डॉक्टरनं तिला पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं होतं. मी बाटली भरून नेली, तिनं ओठ ओले केले आणि बाटली उशाशी ठेवली.

आणि तिच्या तेरवीला, मांडवात, चार लोकांसमोर तू काय बोललास? "आमच्या आईच्या माहेरचंच रक्त ते. पोरींत उतरलं." लोकांनी माना हलवल्या. बाबाही आई गेली तेव्हा हेच म्हणाले होते. किती सोयीचं आहे रे भाऊ हे! ज्या दोघी मेल्या त्यांचाच दोष, तोही त्यांच्या रक्ताचा. पोरींत उतरलं, पोरांत नाही उतरलं. रक्ताला काय डोळे असतात, पोरगी कोण आणि पोरगा कोण ते बघून उतरायला? मी त्या दिवशी गप्प बसले कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही वाटायचं, असेल बुवा. आज उत्तर आहे.

मयुरी आली तेव्हा तिचे पाय सुजलेले दिसले. म्हणाली, बसमध्ये बसून आले असतील. दुसऱ्या दिवशीही तसेच. सकाळी डोळ्यांखाली पण सूज. छकुलीचं सगळं मी जवळून पाहिलेलं, मला सांगायला डॉक्टर लागला नाही. पोरगी घाबरू नये म्हणून मी म्हटलं, चल, मला तपासून घ्यायचं आहे, सोबत तुझंही करू. खामगावला मदिहा डॉक्टरकडे दोघी गेलो. पुढचं तुला मी फोनवर सांगितलं होतं, पण अर्धंच. तिच्या लघवीत प्रथिनं जातात, या वयात बीपी वाढलेलं आहे, किडनीवर ताण आहे, इतकं सांगितलं. त्यावर तू काय म्हणालास ते मी विसरायचा प्रयत्न केला. होत नाही.

"आता तं वरून काई दिसत नाई ना? उरकून टाकू लग्न. पुढचं तिच्या घरचे पाहतीन."

भाऊ, ती गाय आहे का, बाजारात न्यायच्या आधी रंगरंगोटी करून उभी करायला? आणि देतोस तरी कुठे, तर पूर्णेच्या त्याच काठाला, आणखी खाली, जिथे पाणी आपल्याहून खारं. छकुलीला नेऊन दिलं तिथून हाकेच्या अंतरावर. बापानं कळून सवरून हे करावं? बाबांना माहीत नव्हतं असं तरी म्हणता येतं. तुला मी स्वतः सांगितलं आहे.

फोन ठेवताना तू वर मलाच विचारलंस, "पान्यानं होते तं पुष्पाले काऊन नाई झालं? ते बी तेच पानी पेते." तुला वाटलं, कोकिळाचं तोंड बंद केलं. मी तुझा प्रश्न जसाच्या तसा मदिहा डॉक्टरांना जाऊन विचारला. आता त्या काय म्हणाल्या ते ऐक. त्या म्हणाल्या, नुसत्या पाण्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि नुसतं रक्तानंच असंही सांगणार नाही. तुमच्या घराण्यात या दुखण्याचा कल असेल. तो कल म्हणजे एक मोठा दोष नसतो, बारीक बारीक पुष्कळ गोष्टी असतात, काही आईकडून येतात, काही बापाकडून. तेवढ्यानं माणूस आजारी पडतोच असं नाही, जन्मभर धडधाकट राहू शकतो. पण त्यावर खारं पाणी, खारट म्हणून तेही कमी प्यायचं, दिवसभर उन्हात राबायचं, पाठ दुखली की किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून गिळायची, असं सगळं वर्षानुवर्षं चढत गेलं तर धोका वाढतो. तुमच्या वहिनी दुसऱ्या घराण्यातल्या, त्यांच्यात तो कल कमी असेल, किंवा अजून दिसला नसेल. म्हणून त्यांनाही आणा.

म्हणजे तुझंही खरं आहे, भाऊ. रक्त आहेच. मी ते नाकारत नाही. पण एकाच पोत्यातलं बियाणं अर्धं तू नदीकाठच्या चिबड, खाऱ्या रानात पेरतोस आणि अर्धं घाटावर, तेव्हा नदीकाठचं जळलं तर बियाण्याला शिव्या देत बसतोस का? शेतात तुला जे कळतं ते घरात आल्यावर का कळत नाही?

आता मी फोनवर जे सांगितलं नाही ते. माझी तब्येत बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. माझ्यातही निघालं. थोडं आहे. डॉक्टर म्हणाल्या, लहानपणी खारं प्यायलात, नंतर इकडे आलात, म्हणून थांबून थांबून चाललंय. ह्यांना सांगितलं, आणि आता तुला. मला माझं काही वाटत नाही, मी अठ्ठेचाळीस वर्षांची झाले. मला वाटतं ते याचं, की एकोणीस वर्षांच्या मयुरीचं माझ्यापेक्षा पुढे गेलेलं आहे. डॉक्टरांनी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. मला आधी वाटलं नावं चुकून बदलली.

तिच्यात ते आलं कुठून? पुष्पावहिनीच्या माहेराला नावं ठेवशील तर याद राख. तू सांगतोस ना आईचं रक्त पोरींत उतरलं? आईची पोरं आपण तिघं. छकुली गेली. माझ्यात आहे. आणि मयुरी ना माझी पोरगी ना छकुलीची. ती तुझी पोरगी आहे. तिच्यापर्यंत ते तुझ्यातून गेलं असणार, भाऊ. तुझ्यातही तेच रक्त आहे. तुझा फक्त माठ वेगळा होता.

हे वाचून पत्र फाडावंसं वाटेल. फाड. मी आणखी लिहीन.

आता निरोपाचं उत्तर. मयुरी येणार नाही. पाहुण्यांना नाही म्हणून कळव, कारण काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तर तुझी मान खाली जाणार नाही. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. औषध, मीठ कमी, चांगलं पाणी, आणि ठरल्या वेळी तपासणी. हे सगळं इथे होईल. कॉलेज तिला चिखलीला बदलून घेता येतं, ह्यांनी चौकशी केली आहे. तुझ्या घरात ती परत येईल ते मागच्या दारचा तो रांजण फुटलेला मला दिसेल तेव्हा. आणि तू, वहिनी आणि शिवम, तिघांनी तपासून घ्यायचं. शिवममध्येही तेच रक्त आहे, हे विसरू नकोस. वाईट वाटलं तर वाटू दे. मला छकुलीच्या तेरवीपासून वाटतं आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद वगैरे तू समजून घे.

तुझी बहीण,
कोकिळा

◆

दि. २७ मे

चि. कोकिळा हिस,

पंजाबरावचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मोठ्या भावाला असं लिहितात का? बाबा असते तर तुझी हिंमत झाली नसती. दवाखान्यात एकदा गेलीस तर डॉक्टर झालीस का? मी पोरीचा बाप आहे, वैरी नाही. मला तिचं भलं कळत नाही, असं तू समजू नकोस. पोरीच्या दुखण्याची बोंब झाली तर जन्मभर घरात बसेल, तेव्हा तू पोसणार का?

पाहुण्यांना सांगितलं की पोरगी आजारी आहे, तारीख पुढे गेली. मोडलं म्हणून सांगितलेलं नाही. ते चांगले लोक आहेत.

तुझ्या पत्रानं इकडे काय झालं ते ऐक. मी पत्र पेटीत ठेवलं होतं, पुष्पानं काढून वाचलं. दुसऱ्या दिवशी मी वावरातून आलो, माठातलं पाणी घेतलं, आणि तोंडातलं थुंकलं. खारं. विचारलं तर म्हणते, "मी भरलं. कोकिळाबाईनं लिहेल हाय का रक्त एकच हाय. मंग पानी बी एकच." जारवाल्याला तिनं दारातून परत पाठवलं. शिवमच्या बाटलीत पण तेच. पोरगं चिडून मित्राच्या घरी पाणी प्यायला जातं. मी ओरडलो, हात उगारला, तर पुढं येऊन उभी राहिली. म्हणते, "मयुरी घरात येईस्तोर तुमी बी हेच पेसान." एवढ्या वर्षांत या बाईनं मला उलट उत्तर दिलं नव्हतं. माझ्या घराची ही दशा तू केलीस.

आठवडा झाला, तेच पीत आहे. बाहेरून जार आणला तर तिनं तो गोठ्यात म्हशीपुढं ओतला. घशाखाली उतरत नाही. जेवणावरची वासना गेली. आईला हे रोज कसं जात होतं, कोण जाणे.

आठ तारखेला सकाळच्या बसनं येतो. पोरीची बॅग भरून ठेव. बाकी काय ते समोरासमोर बोलू.

पंजाबराव

◆

उंद्री
दि. २ जून २०२५

ती. भाऊस,

कोकिळाचा नमस्कार. तुझं पत्र मयुरीनंच पोस्टमनकडून घेतलं, त्यामुळे तिनंही वाचलं. आईनं जार म्हशीपुढं ओतला तिथे ती खूप हसली, आणि मग न्हाणीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

पोसणार का म्हणून विचारतोस? हो, पोसणार. आता यावर पुन्हा विचारू नकोस.

वहिनीला माझा निरोप दे की मला तिचा अभिमान आहे, आणि हेही सांग की आता पुरे, ते खारं पाणी तिनंही पिऊ नये. तुला धडा शिकवायच्या नादात तिनं स्वतःचं वाटोळं करू नये. जारवाल्याला बोलाव आणि पहिला पेला तिच्या हातात दे. इतक्या वर्षांत निदान एकदा.

आईला ते पाणी कसं जात होतं, असं लिहिलं आहेस. जात नव्हतं, भाऊ. आई पाणी प्यायच्या आधी गुळाचा खडा गालात धरायची, आठवतं? आणि आपण तिघं तिला "गूळखाऊ" म्हणून चिडवायचो, आणि तीही आपल्याबरोबर हसायची. मला हे तुझं पत्र वाचताना आठवलं. आई गोडासाठी गूळ खात नव्हती. माठ तिच्यापासून चार पावलांवर होता आणि ती गुळाचा खडा चघळत खारं पाणी घशाखाली ढकलत होती. बाबांनी पाहिलं, तू पाहिलंस, मी पाहिलं, आणि सगळ्यांनी मिळून नावं ठेवली ती तिच्या माहेरच्या रक्ताला.

आठ तारखेला ये. तुला येऊ नको असं मी कधीच म्हणणार नाही, हे तुझ्या बहिणीचं घर आहे. पण बॅग भरलेली नसेल. उपाशीपोटी ये, खामगावलाच उतर, मी आणि मयुरी स्टँडवर उभ्या असू. तिथून आधी मदिहा डॉक्टरकडे जाऊ, तिथे तुझंही रक्त तपासायला देऊ. नाही म्हणालास तर मी स्टँडवर ओरडेन, आणि मला ओरडता येतं हे तुला आता माहीत झालं आहे. ते झाल्यावर घरी येऊ, जेवू, भांडायचं असेल तितकं भांडू.

उन्हातून येशील, तहान लागलेली असेल. आमच्या घरी माठ एकच आहे. मयुरी तुझ्यासमोर त्यातून आधी स्वतः पिईल, मग तुला देईल. तेवढा वेळ थांब.

तुझ्याच रक्ताची,
कोकिळा